रक्ताच्या गुठळीचा माग काढणारा वैद्य : रुडॉल्फ फिरखो

प्रसूती सुखरूप पार पडली आहे, बाळ-बाळंतीण दोघेही ठीक आहेत, आणि आठव्या-दहाव्या दिवशी ती बाळंतीण प्रथमच अंथरुणातून उठते. चार पावले टाकते न टाकते तोच छातीवर हात ठेवून धाप लागलेल्या अवस्थेत कोसळते आणि काही क्षणांत सारे संपते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपातील भल्याभल्या वैद्यांना अशा मृत्यूचे कारण सांगता येत नसे. ते कारण बाळंतिणीच्या छातीत नसून तिच्या पायात किंवा ओटीपोटात असते, तेथील नीलेत साकळलेली रक्ताची गुठळी सुटून रक्ताबरोबर फुफ्फुसात जाऊन अडकते, हे ज्याने प्रथम प्रयोगाने सिद्ध केले, तो जर्मन वैद्य म्हणजे रुडॉल्फ फिरखो. आपल्याकडील वैद्यकीय महाविद्यालयांत इंग्रजी वळणाने ‘व्हर्चो’ असे उच्चारले जाणारे हे नाव प्रत्येक विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षीच भेटते. मात्र या नावामागचा माणूस केवळ प्रयोगशाळेत रमणारा नव्हता. तो राजकारणी होता, नगरसेवक होता, मानववंशशास्त्रज्ञ होता आणि काही प्रसंगी ठार चुकलेलाही होता.

शेतकऱ्याचा मुलगा

फिरखो यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी प्रशियातील पोमेरानिया प्रांतात शिव्हेलबाइन या लहानशा गावी झाला. आज हे गाव पोलंडमध्ये असून श्विद्विन या नावाने ओळखले जाते. वडील शेती सांभाळून गावच्या नगरपालिकेचे खजिनदार म्हणून काम पाहत. रुडॉल्फ हे त्यांचे एकुलते एक अपत्य. घरची परिस्थिती बेताचीच होती. मुलाची बुद्धी मात्र विलक्षण तल्लख होती आणि भाषांची गोडी तर उपजतच होती. शालेय शिक्षण संपल्यावर १८३९ मध्ये त्यांना बर्लिनच्या फ्रिडरिश विल्हेल्म संस्थेत प्रवेश मिळाला. गुणवान पण गरीब मुलांना लष्करी वैद्य म्हणून घडविणारी ही संस्था होती. शिक्षण मोफत, त्या बदल्यात सैन्यात नोकरी, असा तेथील करार असे.

बर्लिनमध्ये योहानेस म्युलर यांच्यासारखा थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ गुरू म्हणून लाभला आणि सूक्ष्मदर्शकाशी फिरखो यांचे जन्माचे नाते जुळले. १८४३ मध्ये पदवी घेऊन ते शारिते रुग्णालयात दाखल झाले. तेथील शवविच्छेदन विभागाचे प्रमुख रॉबर्ट फ्रोरीप यांचे साहाय्यक म्हणून काम करीत असतानाच त्यांच्या हाती तो विषय आला, ज्याने त्यांचे नाव अजरामर केले.

पाय पांढरा का पडतो?

त्या काळी पॅरिसच्या झाँ क्रुव्हेये यांचा युरोपभर दबदबा होता. बहुतेक सर्व रोगांच्या मुळाशी नीलांचा दाह असतो आणि रक्ताची गुठळी हा त्या दाहाचाच परिणाम असतो, असा त्यांचा सिद्धांत होता. फ्रोरीप यांनी आपल्या तरुण साहाय्यकाला हाच सिद्धांत तपासून पाहण्याचे काम दिले.

बाळंतिणींच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच बिकट होता. प्रसूतीनंतर काही स्त्रियांचा एक पाय, बहुधा डावा, जांघेपासून घोट्यापर्यंत सुजे, ताठ होई आणि पांढराफटक पडे. अठराव्या शतकात युरोपातील वैद्यांची अशी समजूत होती की, आईचे दूध स्तनांकडे न जाता पायात उतरल्यामुळे हे घडते. त्यामुळे या विकाराला ‘दुधाचा पाय’ असेच नाव पडले होते. १८२३ मध्ये लंडनचे प्रसूतितज्ज्ञ डेव्हिड डेव्हिस यांनी अशा मृत स्त्रियांचे विच्छेदन करून त्यांच्या ओटीपोटातील मोठ्या नीला गुठळ्यांनी बंद झाल्याचे दाखवून दिले. दुधाचा या प्रकाराशी काही संबंध नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले. परंतु ही गुठळी होते कशी आणि तिचे पुढे काय होते, ही दोन कोडी शिल्लकच राहिली.

फिरखो यांनी शवविच्छेदनाच्या टेबलावर एक गोष्ट नेमकी हेरली. अचानक दगावलेल्या काही रुग्णांच्या फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत रक्ताची गुठळी असे. मात्र ती जेथे सापडली तेथील धमनीची भिंत निरोगी असे. गुठळी तेथेच तयार झाली असती तर भिंतीवर काही खूण उमटायला हवी होती. त्याच रुग्णांच्या पायातील किंवा ओटीपोटातील नीला उघडल्यावर तेथेही गुठळी मिळे आणि तिचे टोक तुटलेले दिसे. तुटलेले टोक आणि फुफ्फुसातील तुकडा एकमेकांशी जुळत.

तर्क योग्य दिशेने जात होता, पण तर्कावर समाधान मानणे हा फिरखो यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. मानेच्या नीलेत रबराचे तुकडे सोडले, मृत माणसांच्या नीलांतून काढलेल्या गुठळ्यांचे तुकडेही सोडले आणि नंतर विच्छेदन करून हे तुकडे फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकल्याचे दाखवून दिले. या विषयावरील त्यांचा पहिला निबंध १८४६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे २४ वर्षांचे होते. जागच्या जागी रक्त साकळण्याला ‘थ्रॉम्बोसिस’ आणि त्या गुठळीचा तुकडा वाहत जाऊन दूरच्या वाहिनीत अडकण्याला ‘एम्बोलिझम’ ही आज जगभर रूढ असलेली नावे त्यांनीच रुजविली. रक्ताच्या कर्करोगाचे वर्णन करून त्याला ‘ल्युकेमिया’ हे नाव देण्याचे कामही याच वर्षांतले.

१८४७ मध्ये त्यांनी बेनो राइनहार्ट या मित्रासमवेत विकृतिशास्त्राचे स्वतंत्र नियतकालिक सुरू केले. प्रस्थापित नियतकालिकांना या तरुणाचे लेखन पचनी पडत नव्हते, हेही त्यामागील एक कारण होते. राइनहार्ट यांचे १८५२ मध्ये निधन झाले. त्यानंतर फिरखो यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत एकट्याने त्याचे संपादन केले. त्यांच्या नावाने ते आजही प्रसिद्ध होते.

साथीने दिलेला धडा

१८४८ च्या प्रारंभी प्रशियाच्या अप्पर सायलेशिया भागात टायफसच्या साथीने थैमान घातले. वृत्तपत्रांतून ओरड झाल्यावर सरकारने चौकशीसाठी जे वैद्य धाडले, त्यात २६ वर्षांचे फिरखो होते. सुमारे तीन आठवडे ते खेडोपाडी फिरले. पोलिश भाषा बोलणारे तेथील शेतकरी आणि विणकर उपासमारीने, ओल्या-अंधाऱ्या झोपड्यांत, सरकारी उपेक्षेत जगत होते. फिरखो यांनी परतल्यावर जो अहवाल लिहिला, त्यात औषधांची यादी नव्हती. लोकशाही, शिक्षण, मातृभाषेचा सन्मान, न्याय्य करपद्धती, रस्ते आणि रोजगार हाच या साथीवरील इलाज असल्याचे त्यांनी सरकारला स्पष्ट शब्दांत बजावले. वैद्यक हे मुळात समाजशास्त्र आहे आणि गरिबांची कैवारी होणे हे वैद्याचे स्वाभाविक कर्तव्य आहे, ही त्यांची आयुष्यभराची धारणा याच प्रवासात पक्की झाली.

बर्लिनला परतून आठवडा उलटतो न उलटतो तोच मार्च क्रांतीचा भडका उडाला. फिरखो रस्त्यावरील अडथळ्यांमागे क्रांतिकारकांच्या बाजूने उभे राहिले. पाठोपाठ त्यांनी वैद्यकीय सुधारणेचा पुरस्कार करणारे साप्ताहिक काढले. क्रांती फसली आणि त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. १८४९ मध्ये त्यांना शारितेतील पदावरून दूर करण्यात आले. नंतर काही अटींवर पद परत मिळाले तरी बर्लिनमध्ये राहणे अवघड झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस बव्हेरियातील व्युर्त्सबुर्ग विद्यापीठाने त्यांना विकृतिशास्त्राचे प्राध्यापकपद दिले आणि त्यांनी बर्लिन सोडले.

तीन कारणांची गाठ

१८५० मध्ये फिरखो यांचा विवाह रोझ मायर यांच्याशी झाला. रोझ यांचे वडील कार्ल मायर हे बर्लिनमधील नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ. तेथील प्रसूतिशास्त्र मंडळाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता आणि त्या मंडळापुढे फिरखो यांनी १८४० च्या दशकापासूनच बाळंतिणींच्या विकारांवर आपले विचार मांडले होते. या दाम्पत्याला तीन मुलगे आणि तीन मुली झाल्या.

व्युर्त्सबुर्गमधील सात वर्षे ही त्यांच्या संशोधनाच्या बहराची वर्षे ठरली. मांडीच्या वरच्या भागातील गुठळ्या डाव्या बाजूलाच अधिक का होतात, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी १८५१ मध्ये शरीररचनेतच शोधले. उजव्या पायाकडे जाणारी मोठी धमनी डाव्या पायाकडून येणाऱ्या नीलेला ओलांडून जाते. त्यामुळे ती नीला धमनी आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये चेपली जाते. तब्बल शंभर वर्षांनी, १९५७ मध्ये, मे आणि थर्नर या दोन संशोधकांनी याच दाबाचा तपशीलवार अभ्यास केला आणि आज ही अवस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. गरोदर स्त्रियांच्या पायातील गुठळ्या बहुसंख्य वेळा डाव्या पायात आढळतात, त्यामागे हेच कारण आहे. वाढते गर्भाशय हा दाब आणखी वाढविते.

१८५६ मध्ये बर्लिनने त्यांना सन्मानाने परत बोलावले. त्यांच्यासाठी विकृतिशास्त्राची स्वतंत्र संस्था उभारण्यात आली. त्याच वर्षी त्यांच्या निबंधांचा जाडजूड संग्रह प्रसिद्ध झाला आणि त्यात गुठळीविषयीचे सारे संशोधन एकत्र आले. रक्तप्रवाहाची मंदगती, वाहिनीच्या भिंतीला झालेली इजा आणि खुद्द रक्ताची साकळण्याची वाढलेली प्रवृत्ती या तीन गोष्टी गुठळीस कारणीभूत होतात, हे सूत्र आज त्यांच्या नावाने शिकविले जाते. हे त्रिकूट अशा नेमक्या शब्दांत फिरखो यांनी कधी मांडले नव्हते. त्याला त्यांचे नाव विसाव्या शतकात चिकटले. मात्र त्यातील तिन्ही धागे त्यांच्या लेखनात विखुरलेले आहेत.

गरोदरपण आणि बाळंतपण हा या त्रिकुटाचा जणू चालताबोलता दाखला होय. संप्रेरकांमुळे गरोदरपणी नीला सैलावतात आणि गर्भाशयाच्या भाराने पायांतील रक्त संथ होते. प्रसूतीच्या वेळी, विशेषतः शस्त्रक्रियेने प्रसूती झाल्यास, ओटीपोटातील वाहिन्यांना इजा पोहोचते. प्रसूतीत रक्तस्राव आवाक्यात राहावा म्हणून निसर्ग आधीपासूनच रक्तातील फायब्रिनोजेनसारखे साकळविणारे घटक वाढवून ठेवतो आणि साकळणे रोखणारी काही प्रथिने घटवितो. आईला वाचविण्यासाठी केलेली ही तजवीजच काही वेळा तिच्या जिवावर उठते. साधारण हजार गरोदरपणांमागे एक ते दोन स्त्रियांना हा विकार होतो. एरवीच्या तुलनेत हा धोका चार ते पाच पट असतो आणि प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत तो सर्वाधिक असतो. आपल्याकडे बाळंतिणीसाठी जो सव्वा महिना पाळला जातो, त्या काळाशी ही मुदत बरीचशी जुळते. विश्रांती हवी, पण सतत पडून राहणे नको, असे आजचे डॉक्टर सांगतात, त्याचे कारण हेच. पूर्वी युरोपातही बाळंतिणीला अनेक दिवस अंथरुणातून उठू दिले जात नसे.

ज्यांचे ऐकायला हवे होते

बाळंतिणींचे ऋण फिरखो यांच्यावर जसे आहे, तसाच एक डागही आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ झेमेलवाइस या हंगेरियन वैद्याने एक साधा नियम घालून दिला. शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांनी क्लोरीनच्या द्रावणात हात धुवावेत. या एका नियमाने सूतिकाज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. परंतु डॉक्टरांच्याच हातांनी मृत्यू बाळंतिणीपर्यंत जातो, हे मान्य करणे वैद्यकविश्वाला जड गेले. अशा वेळी फिरखो यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाचा शब्द निर्णायक ठरला असता. पण १८६१ मध्ये श्पायर येथे भरलेल्या जर्मन वैद्य व निसर्गवैज्ञानिकांच्या अधिवेशनात त्यांनी झेमेलवाइस यांच्या विरोधात भूमिका घेतली. झेमेलवाइस १८६५ मध्ये मनोरुग्णालयात उपेक्षित अवस्थेत मरण पावले.

या विरोधामागे द्वेष नव्हता. तो त्यांच्या विचारपद्धतीतून आला होता. रोग बाहेरून येत नाही, तो शरीरातील पेशींच्या बिघाडातून उद्भवतो, असे त्यांचे मत होते. १८५८ मध्ये दिलेल्या वीस व्याख्यानांतून त्यांनी पेशी-विकृतिशास्त्राचा पाया घातला. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे तत्त्व त्यांनी सर्वमान्य केले. पेशीविभाजनावर आधी मूलगामी काम करणाऱ्या रोबर्ट रेमाक यांना त्याचे श्रेय पुरेसे मिळाले नाही, असा आक्षेप मात्र इतिहासकार घेतात. जो सिद्धांत त्यांना इतके दूरचे दाखवीत होता, त्यानेच त्यांना समोरचे पाहू दिले नाही. पुढे रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखविला, तेव्हाही फिरखो साशंकच राहिले. नीलेतील गुठळी दाहाआधी येऊ शकते हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. पण सूतिकाज्वरातील जंतुसंसर्गही ओटीपोटातील नीलांत गुठळ्या निर्माण करतो, हे आज ज्ञात आहे. म्हणजे जे दोन प्रश्न त्यांनी वेगळे मानले, ते एकाच बाळंतिणीच्या शरीरात एकत्र येत होते.

शहराचा वैद्य

वैद्यकातील ही बाजू काळोखी वाटली तरी सार्वजनिक जीवनातील फिरखो यांचे काम त्याहून मोठे आहे. १८५९ मध्ये ते बर्लिनच्या नगरपरिषदेवर निवडून आले आणि अखेरपर्यंत तेथे राहिले. दुर्गंधीने भरलेल्या बर्लिनला भुयारी गटारांची योजना मिळावी म्हणून त्यांनी अभियंता जेम्स होब्रेश्ट यांच्या साथीने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १८७३ मध्ये या योजनेला मंजुरी मिळाली. शहराची स्वतःची रुग्णालये, मांसाची सक्तीची तपासणी, शाळांची आरोग्यदृष्ट्या रचना अशा अनेक गोष्टींमागे त्यांचा आग्रह होता.

१८६१ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेस पक्षाच्या संस्थापकांत ते होते. प्रशियाच्या विधिमंडळात त्यांनी बिस्मार्क यांच्या लष्करी खर्चावर सातत्याने टीका केली. १८६५ मध्ये चिडलेल्या बिस्मार्क यांनी त्यांना द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले, ते फिरखो यांनी नाकारले. शस्त्र म्हणून त्यांनी जंतूंनी भरलेले सॉसेज सुचविल्याची चविष्ट कथा सांगितली जाते, पण तिला आधार नाही.

मानववंशशास्त्रातही त्यांनी मोठी मजल मारली. जर्मनीतील सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांचा, डोळ्यांचा आणि त्वचेचा रंग नोंदवून त्यांनी शुद्ध जर्मन वंशाची कल्पना आकडेवारीने खोडून काढली. १८७९ मध्ये ते हाइनरिश श्लीमान यांच्यासमवेत ट्रॉयच्या उत्खननावर गेले. मात्र येथेही चुका टळल्या नाहीत. निअँडरथल मानवाचे अवशेष त्यांनी आजारी आधुनिक माणसाचे ठरविले. १८८७ मध्ये युवराज फ्रिडरिश यांच्या घशातील तुकडा तपासून त्यात कर्करोग नसल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. पुढच्याच वर्षी फ्रिडरिश सम्राट झाले आणि अवघ्या ९९ दिवसांच्या कारकिर्दीनंतर कर्करोगानेच गेले.

अखेर आणि वारसा

१९०१ मध्ये फिरखो यांचा ८० वा वाढदिवस अनेक देशांत साजरा झाला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ४ जानेवारी १९०२ रोजी, बर्लिनच्या लाइपझिगर रस्त्यावर चालत्या ट्राममधून उतरताना ते पडले आणि मांडीचे हाड मोडले. दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहणे या वैद्याच्या वाट्याला आले. प्रकृती पुन्हा सावरली नाही. ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्यांचे निधन झाले.

गुठळीचे कारण त्यांनी सांगितले, पण तिच्यावरील औषध पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. रक्त साकळणे रोखणाऱ्या हेपॅरिनचा शोध १९१६ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लागला आणि १९३० च्या दशकात त्याचा रुग्णांसाठी वापर सुरू झाला. हे औषध वारेतून गर्भापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे गरोदर स्त्रीसाठी ते वरदान ठरले. तोंडाने घेण्याचे वॉरफॅरिन मात्र गर्भाला बाधू शकते. आज डॉप्लर सोनोग्राफीने पायातील गुठळी काही मिनिटांत दिसते. पोटाच्या त्वचेखाली टोचल्या जाणाऱ्या हेपॅरिनच्या सुधारित इंजेक्शनांनी अशा बहुसंख्य माता वाचविता येतात.

अट एकच, लक्षण वेळेवर ओळखले गेले पाहिजे. गरोदरपणी दोन्ही पायांना थोडी सूज येणे सामान्य आहे. परंतु एकच पाय सुजला, पोटरी किंवा जांघ दुखू लागली, तो पाय गरम किंवा लाल झाला, तर ते अंगावर काढण्याचे दुखणे नव्हे. एकाएकी धाप लागणे, श्वास घेताना छातीत कळ येणे, खोकल्यातून रक्त पडणे ही तर तातडीने रुग्णालय गाठण्याची खूण. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे, घरात कुणाला झाली आहे, वजन फार आहे किंवा ज्यांना दीर्घकाळ झोपून राहावे लागले आहे, त्यांनी हे पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगायला हवे.

पायातील दुखणे आणि छातीतील मृत्यू यांच्यामधला धागा १८४६ मध्ये एका २४ वर्षांच्या वैद्याने उलगडला. आज डॉक्टर बाळंतिणीला लवकर उठून चार पावले चालायला सांगतात, तेव्हा तोच धागा त्यांच्या मनात असतो.